मेडिक्लेममधली खोलीभाड्याची मर्यादा: दाखल होण्याआधी काय बघायचं

पॉलिसी पाच लाखांची, बिल दोन लाखांचं, तरी डिस्चार्जच्या वेळी पन्नास-साठ हजार खिशातून. असं झालं की बहुतेकदा घोळ खोलीच्या भाड्यात असतो.

पॉलिसीत ‘रूम रेंट’ हे शब्द शोधा. जुन्या पॉलिसींमध्ये सहसा विमा रकमेच्या १ टक्का रोज, आयसीयूसाठी २ टक्के अशी मर्यादा असते. म्हणजे पाच लाखांवर रोजचे ५,००० रुपये. अनेकांना वाटतं, ८,००० ची खोली घेतली तर वरचे तीन हजार आपण भरू. तसं नसतं. खोली महाग घेतली की डॉक्टरांची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांचे पैसेही त्याच प्रमाणात कापले जातात, कारण बऱ्याच रुग्णालयांत हे दर खोलीच्या वर्गावर ठरतात. यालाच ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ म्हणतात.

चार दिवसांचा हिशोब बघा. खोली ३२,०००, सर्जन, भूल आणि थिएटर मिळून १,२०,०००, औषधं ३०,०००, तपासण्या १८,०००. एकूण दोन लाख. कंपनी खोलीचे २०,००० देईल, १,२०,००० पैकी पाच अष्टमांश (८,००० ला ५,००० या प्रमाणात) म्हणजे ७५,०००, आणि औषधं-तपासण्यांचे ४८,००० पूर्ण. मिळाले १,४३,०००, घरातून गेले ५७,०००. खोलीचा फरक मात्र फक्त १२,००० होता! शिवाय हातमोजे, फाइलचा खर्च असल्या न मिळणाऱ्या बाबी वेगळ्याच.

ॲडमिशन काउंटरवर म्हणूनच ‘खोली कितीची’ एवढंच विचारू नका. नर्सिंग चार्जेस धरून रोजचे किती, हे विचारा. बऱ्याच पॉलिसींमध्ये मर्यादा खोली, जेवण आणि नर्सिंग मिळून असते. ४,५०० ची खोली आणि ८०० नर्सिंग झालं, की ५,००० ची रेघ ओलांडलीच. पॉलिसीत रकमेऐवजी ‘सिंगल प्रायव्हेट एसी रूम’ लिहिलं असेल तर डीलक्स किंवा सूट घेऊ नका. नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी.

कपात झालीच, तर कंपनीकडून बाबवार तपशील लेखी मागा. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचा खर्च या प्रमाणात कापायचा नसतो. स्टेंट किंवा गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर कात्री चाललेली दिसली तर तक्रार करा. रुग्णालय सगळ्या खोल्यांना एकच दर लावत असेल तर तसं पत्र बिलिंगमधून घ्या, मग प्रमाणशीर कपात टिकत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत बिमा भरोसा या विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवरही. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणारे विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत, फी लागत नाही, वकील नको. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं.

मर्यादा कायमची काढायची तर नूतनीकरणाच्या वेळी मर्यादा नसलेला प्लॅन मागा, किंवा दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा. पोर्ट करण्यासाठी नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी अर्ज टाका. जुन्या विमा रकमेपुरता पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ (आधीपासूनच्या आजारांसारख्या बाबींना संरक्षण मिळेपर्यंत थांबावा लागणारा काळ) नव्या पॉलिसीत धरला जातो. वाढवलेल्या रकमेसाठी तो नव्याने मोजतात. अर्जात मधुमेह, रक्तदाब लपवू नका. आणि नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी सोडू नका.