स्ट्रेटनरने कर्ल करताय? मग हात थांबवू नका

केस धुऊन, वाळवून, हीट प्रोटेक्टंट (केसांना उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे) लावून झालंय असं धरून चालते. वाळवून म्हणजे पूर्ण वाळवून, प्रोटेक्टंटचा स्प्रेसुद्धा. प्लेट लावल्यावर चर्र झालं तर तिथेच थांबा, कारण केसाच्या आतलं पाणी उकळून त्याची वाफ केस आतून फोडते आणि ते कुठल्याच सीरमने भरून येत नाही.

टेंपरेचर पातळ किंवा कलर केलेल्या केसांना १५० डिग्री सेल्सिअसच्या आसपास, मध्यम असतील तर १७०-१८०, जाड राठ असतील तर २००च्या आत. मशीनवर २३० लिहिलंय म्हणून तिथपर्यंत जायलाच हवं असं काही नाही.

वरचे केस क्लिपने बांधून खालच्या थरापासून सुरुवात करा. बट दोन बोटांएवढी, जास्त नको.

आता खरी गोष्ट. बट कानाच्या लेव्हलला प्लेटमध्ये धरा, मशीन अर्धा फेरा चेहऱ्यापासून लांब फिरवा आणि तसंच फिरवलेलं ठेवून शेंड्यापर्यंत ओढत न्या. वाचायला एवढंच आहे, पण मी यात कितीतरी महिने अडकले होते, कारण जो तो सांगायचा "घट्ट दाब आणि दहा सेकंद थांब". थांबायचं असतं ते कर्लिंग रॉडवर, म्हणजे गोल दांड्याच्या मशीनवर! स्ट्रेटनरला कडा असतात, जिथे थांबाल तिथे आडवी घडी पडते. एकदा तासभर खपून सगळं डोकं केलं आणि फोटोत बघते तर कर्ल कुठले, दुमडलेला कागद उलगडल्यासारखे केस.

डोक्यात प्रकाश पडला तो गिफ्टची रिबन कात्रीच्या पातीवरून ओढताना. रिबन आपोआप गुंडाळते ना, कारण ती कडेवरून *सरकते*. इथेही तेच, फक्त जोडीला उष्णता. म्हणून दाब इतकाच की बट निसटू नये, आणि वेग हळू पण एकसारखा. हळू ओढलं की घट्ट कर्ल, भरभर ओढलं की नुसती लाट. मशीन आडवं धरलं तर स्प्रिंगसारखं वळतं, उभं धरलं तर सैल, मला तेच आवडतं. मध्येच अडकलं तर जोर लावू नका, बट जाड झालीय, सोडा आणि अर्धी घ्या. आणि हे सगळं आधी मशीन बंद ठेवून आरशासमोर दहा-बारा वेळा करून बघा, डाव्या बाजूला तर मनगट कुठे वळवायचं तेच कळत नाही, माझ्या कानाला विचारा.

बट सुटली की गरम गरम तळहातावर वेटोळं करून झेला, चार-पाच सेकंद धरा आणि सोडा. लगेच बोटं घालू नका!! उष्णतेने केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाचा आकार धरून ठेवणारे नाजूक जोड, सुटलेले असतात, ते थंड होताना नव्या आकारात जुळतात, तेव्हा ओढलं की कर्ल गेला. सगळं डोकं गार झाल्यावरच बोटांनी मोकळं करा, कंगवा नकोच, वर हलका हेअरस्प्रे.

एखाद्या बटेत घडी पडलीच तर ती गार होऊ द्या, सरळ करून घ्या आणि परत एकदा वळवा. तिसऱ्यांदा नाही, ती बट मागे ढकलून द्या.