उंच नेमबाजासाठी हलकी .२२ सेमी-ऑटोमॅटिक: वजनाआधी दस्त्याची लांबी बघा

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात "हलकी .२२ दाखवा" म्हटलं, की काउंटरवर येणारी रायफल बहुतेकदा आखूडही असते. (.२२ म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाची बारीक गोळी मारणारी, सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे दर गोळीनंतर पुढची आपोआप भरणारी.) नळी आखूड, दस्ता (खांद्याला लावायचा मागचा भाग) आखूड, वजन तिथूनच वाचवलेलं. रुगर १०/२२ चं कॉम्पॅक्ट मॉडेल घ्या. ट्रिगरपासून बटच्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाच्या, मध्यापर्यंतच्या अंतराला लेंग्थ ऑफ पुल म्हणतात. या मॉडेलचं ते अंतर १२.७५ इंच, म्हणजे साधारण ३२४ मिलिमीटर आहे. शाळकरी पोराला ती झकास बसते. सहा फूट दोन इंचांच्या माणसाने खांद्याला लावली, की स्वतःच्याच अंगठ्यावर नाक टेकतं.

त्याच १०/२२ च्या साध्या कार्बाइन मॉडेलचं हे अंतर १३.५ इंच आहे आणि ते सुमारे ५ पाउंड म्हणजे सव्वादोन किलोचं आहे. बाजारातल्या बहुतेक रायफलींची ही लांबी याच्याच आसपास असते, कारण ती मध्यम उंचीच्या माणसाला धरून ठरवलेली आहे. सहा फुटांच्या वरच्या माणसाला साधारणपणे १४ ते १४.५ इंच लागतात. पण नुसत्या उंचीवर जाऊ नका. लांब हात आणि लांब मान या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

हाताची अडचण दुकानातच तपासता येते. विक्रेत्याकडून रायफल रिकामी असल्याचं बघून घ्या, स्वतःही चेंबरमध्ये डोकवा आणि कुठे रोखायची ते त्याला विचारा. कोपराच्या आतल्या घडीवर बट टेकवून बोट ट्रिगरपर्यंत पोचतं का, हे बघायची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. ती ढोबळ आहे, कारण तिला खांद्याची रुंदी आणि मान कळतच नाहीत. त्याऐवजी डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल सैल सोडून दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. नाक आणि अंगठ्याचं मूळ यांच्यात दोन ते तीन बोटं अंतर असेल तर लांबी जमली.

दस्ता आखूड असेल तर मान आखडते, कोपर बरगडीकडे दाबलं जातं आणि तर्जनी ट्रिगरवर पहिल्या सांध्यापर्यंत आत जाते. मग ट्रिगर सरळ मागे न येता कडेला ओढला जातो आणि गोळ्या डावी-उजवीकडे पसरतात. लोक दुर्बीण बदलतात, गोळ्यांचा ब्रँड बदलतात, दस्ता मात्र तोच राहतो. फार लांब दस्त्याची खूण उलटी असते. रायफल वर उचलताना बट काखेत अडकतो, मग खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर बसतो आणि तोल सांभाळायला माणूस कमरेतून मागे झुकतो. मिनेसोटा किंवा न्यू जर्सीच्या थंडीत शूटिंग करणार असाल तर जाड जॅकेट घालूनच मोजा. जॅकेट सहज अर्धा इंच खातं.

मानेची अडचण जास्त फसवी आहे, कारण रायफल हातात बरी वाटते. डोळा दुर्बिणीच्या रेषेत आणायला गाल दस्त्यावरून उचलावा लागत असेल, फक्त हनुवटी टेकत असेल, तर प्रत्येक वेळी डोळा वेगळ्या उंचीवर येणार. .२२ सारख्या रिमफायर रायफलींच्या दुर्बिणींचं पॅरलॅक्स, म्हणजे डोळा सरकल्यावर निशाणा सरकल्यासारखा दिसण्याचा दोष, बहुधा ५० यार्डांवर शून्य होईल असं बसवलेलं असतं. त्याहून जवळच्या किंवा लांबच्या निशाण्यावर डोळा मध्यरेषेपासून सरकला, की रायफल जागची न हलताही क्रॉसहेअर सरकलेलं दिसतं. यावर उपाय म्हणजे उंच गालपट्टी. पट्ट्याने बांधायची स्वस्त गालपट्टी चालते, पण आधी फोमचा तुकडा टेपने चिकटवून नेमकी उंची शोधा. बटचं फक्त खालचं टोक खांद्याला लागत असेल तर बट खांद्यावर नीट बसलेला नाही. उभं राहून नेम धरताना हे लगेच दिसतं.

भारतात पुण्या-कोल्हापूरकडे ५० मीटर रायफल शिकलेल्यांना इथे थोडा धक्का बसतो. त्या खेळातली रायफल एकेक गोळी भरायची असते, पण तिचा बट मागे-पुढे आणि वर-खाली सरकतो, गालपट्टीही उचलता येते. अमेरिकेतल्या साध्या सेमी-ऑटोमॅटिकवर यातलं काहीच हलत नाही. म्हणून आमचा सल्ला असा की आधी दस्ता ठरवा, मग त्यात बसणारी रायफल.

१०/२२ इथे पुढे आहे ती नेमकी यामुळे. १९६४ पासून ती बाजारात असल्यामुळे तिच्यासाठी दस्त्यांचा सुकाळ आहे. मॅगपुलचा हंटर एक्स-२२ दस्ता स्पेसर (बटमागे घालायच्या चकत्या) घालून १२.५ पासून १४.५ इंचांपर्यंत वाढतो. नळीखालचा ट्रे उलटा केला की बारीक नळी आणि .९२० इंच जाडीची नळी दोन्ही त्यात बसतात. लांबीसाठी एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर हीच घ्या. तेवढा खर्च नको असेल तर बटवर चढवायचा रबरी पॅड साधारण एक इंच वाढवतो. तो कपड्यात अडकतो, त्यावर गुळगुळीत टेप लावा.

स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ पॉलिमरची, जेमतेम पाच पाउंडांवर जाणारी, सहा खाचांचा सरकता दस्ता असलेली रायफल आहे. सहा खाचा म्हणजे लांब दस्ता असं मात्र नाही. शेवटच्या खाचेपर्यंत ओढून टेपने मोजा. तिचा फायदा वेगळाच आहे: वरची रेल (दुर्बीण बसवायची पट्टी) लांब असल्यामुळे दुर्बीण मागे-पुढे हवी तिथे बसते. तोटा पिस्तूल ग्रिपचा, म्हणजे पिस्तुलासारख्या उभ्या मुठीचा. साध्या दस्त्यावर लांब बोटांचा हात थोडा मागे सरकवता येतो, ग्रिपवर हाताची जागा बांधलेली असते आणि बोट पुन्हा खोल जातं. मागची बाजू जाड असलेली ग्रिप बसवली की फरक पडतो.

हेन्रीची एआर-७ साडेतीन पाउंडांची असून तिची लेंग्थ ऑफ पुल १४ इंच आहे. कागदावर हीच जिंकते. पण नळी आणि यंत्रणा बटच्या पोटात मावावी म्हणून बट फुगीर केलेला आहे, त्यावर गाल नीट बसत नाही आणि साइट्स अगदी साध्या आहेत. पाठीवरच्या बॅगेत टाकायला उत्तम, दिवसभर रेंजवर वापरायला नाही. ब्राउनिंगची एसए-२२ देखणी आणि हलकी आहे, पण तिच्या मॅगझिनची नळी बटमधूनच जाते. त्यामुळे मागे साधा स्पेसर किंवा रबरी पॅड चढवून लांबी वाढवायचा रस्ता बंद होतो. उंच माणसाने ती हौसेनेच घ्यावी.

आता वजन. दस्ता एक इंचाने वाढवला की पूर्ण रायफल खांद्यापासून एक इंच पुढे सरकते. वजन तेवढंच राहतं, पण पुढच्या हाताला ते जास्त जाणवतं. म्हणून उंच माणसाला हलकी रायफल म्हणजे पुढून हलकी रायफल. तराजूवरचा आकडा दुय्यम. .९२० इंचांची भरीव जाड नळी इथे मारते. तीच जाडी हवी असेल तर बारीक नळीवर ॲल्युमिनियमचं आवरण ताणून बसवलेला प्रकार घ्या. रुगरच्या टेकडाउन लाइटमध्ये तो आहे. दुर्बीण आणि रिंगांचं अर्धा किलोपर्यंत वजन मोजायला विसरू नका. सगळं बसवून रायफल एका बोटावर तोला. तोलाचा बिंदू मॅगझिनच्या जरा पुढे आला तर ठीक, नळीवर गेला तर पुढचा भाग जड आहे.

फार हलक्या रायफलीचीही एक खोड असते. कारखान्यातून येणारा १०/२२ चा ट्रिगर साधारण पाच ते सहा पाउंडांचा असतो, म्हणजे रायफलीच्या वजनाएवढा किंवा जास्त. तो दाबतानाच रायफल हलते. लोक यावर जड नळी बसवतात आणि हलकी घेण्याचा उद्देशच संपतो. रुगरचा अडीच ते तीन पाउंडांचा बीएक्स ट्रिगर बसवा, बारीक नळी राहू द्या. .२२ ला धक्का नगण्य, त्यासाठी वजनाची गरज नाही.

दस्ता लांबवल्यावर एक गोष्ट हमखास राहून जाते. डोकं मागे गेलं, दुर्बीण मात्र तिथेच. दुर्बिणीतून चित्राभोवती काळी कड दिसायला लागते आणि नकळत मान पुढे ताणली जाते, म्हणजे लांब दस्ता वाया. १०/२२ ची मूळ पट्टी आखूड आहे, त्यामुळे मागे लांबलेली रेल लागू शकते. ती बसवल्यावर बोल्टचा दांडा अडत नाही ना, हे बघा. पालथं पडून नेम धरताना डोकं आपोआप पुढे सरकतं, तेव्हा ज्या स्थितीत सर्वांत जास्त शूटिंग करणार त्याच स्थितीत दुर्बीण पक्की करा. दस्त्याचा स्क्रू हाताच्या अंदाजाने करकचून आवळू नका, टॉर्क पाना वापरा आणि आकडा दस्त्यासोबतच्या कागदावरचा घ्या.

कायद्याचं खरेदीआधीच बघा. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला सर्वसाधारण बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही. राज्याचे नियम याच्या वर असतात, आणि न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२२ पासून सेमी-ऑटोमॅटिक रायफलीसाठी वेगळा परवाना लागतो. व्हिसावर असलेल्यांनी मित्राची रायफल रेंजवर चालवून बघणं हेसुद्धा बाळगण्यातच मोजलं जाऊ शकतं, तेव्हा आधी वकिलाला विचारा.

शेवटची तपासणी कागदी निशाण्यावर, २५ यार्डांवर. टेकू देऊन रायफल खांद्यावरून न काढता पाच गोळ्या मारा. मग दुसऱ्या निशाण्यावर पाच, पण प्रत्येक गोळीनंतर रायफल खाली ठेवून पुन्हा उचलायची. दोन्ही गट सारखे आले तर दस्ता बसला. दुसरा गट उभा ताणला गेला तर गालपट्टीची उंची बदला. आडवा पसरला तर आधी ट्रिगरवर बोट किती आत जातं ते बघा, मग एक स्पेसर वाढवून किंवा काढून पुन्हा पाच-पाच गोळ्या मारा.