पुरानंतर श्रमदानाच्या साकवाची तपासणी आणि दुरुस्ती

मराठवाड्यात परतीच्या पावसाने ओढे कसे फुगतात, हे सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव आणि बीडने पाहिले. अशा पुरानंतर पायवाटेवरचा श्रमदानाने बांधलेला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा लाकडी पूल, जागेवर उभा दिसला, तरी तो शाबूत आहे असे धरू नये. प्रथम दोन्ही तोंडांना बाभळीचे काटे ओढून वाट बंद करावी. पाटी लावण्यापेक्षा हा उपाय खात्रीचा असतो.

पाहणी फळ्यांपासून नव्हे, पायापासून सुरू करावी. पुराचे पाणी जोरात असताना पायालगतची माती खरवडून नेते आणि ओसरताना त्याच खड्ड्यात सैल गाळ भरते, त्यामुळे वरून सारे पूर्ववत भासते. म्हणून पाणी पुरते उतरल्यावर पायाच्या कडेने दर हातभर अंतरावर पहार दाबून पाहावी. ती सहज आत गेली तर तिथे गाळ आहे. खाली काळा पाषाण असेल तर ती खणखणते. प्रत्येक ठिकाणची खोली वहीत लिहावी, विशेषतः प्रवाहाच्या वरच्या अंगाच्या कोपऱ्यांची, कारण पाणी तिथे वळसा घेऊन खोल उकरते. साकव ज्यांवर टेकतो त्या दोन्ही काठांच्या भिंतींना ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) लावून त्या किती कलल्या आहेत, तेही मोजमाप टिपावे. तुळयांची टोके भिंतीवर टेकतात तिथे ओल राहते, म्हणून तिथले लाकूड टोच्याने तपासावे.

दुरुस्तीत सगळा गाळ मुरूम किंवा खडक लागेपर्यंत उपसावा. खड्ड्यात शेतातली काळी माती मुळीच भरू नये; ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. मोठे कोनेदार दगड एकमेकांत अडकवून रचावेत. ओढ्यातले गोटे फुकट मिळतात खरे, पण ते घरंगळतात, म्हणून वापरायचेच असल्यास तारेच्या जाळीत भरावेत. साकव गौताळ्यासारख्या अभयारण्यात असेल, तर कामापूर्वीच वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी.

काठच्या झुडपांना अडकलेला पालापाचोळा पुराची उंची दाखवतो. तुळया त्याहून वर नेता येत नसतील, तर साकवाचे एक टोक साखळदंडाने काठावरच्या भक्कम खडकाला बांधावे आणि दुसरे सुटे ठेवावे, म्हणजे लाकूडफाटा तटून तो उचलला गेला तरी वाहून न जाता काठाला लागण्याची शक्यता राहते.

काळी माती सावकाश वाळते आणि वाळताना आकसते, म्हणून संक्रांतीच्या सुमारास ओळंबा पुन्हा लावून वहीतल्या नोंदीशी ताडून पाहावा. भिंत बोटभर जरी अधिक कललेली आढळली, तरी वाटेवर पुन्हा काटे ओढावेत.