पाटी न लावता पडद्यावर काळ पुढे कसा न्यावा

‘दहा वर्षांनंतर’ अशी पाटी आली की प्रेक्षकाला माहिती मिळते, पण दहा वर्षं गेल्याचं जाणवत नाही. ते जाणवायला दोन गोष्टी एकाच चौकटीत लागतात: एक तशीच राहिलेली आणि एक बदललेली.

सुरुवात कागदावर करा. काळ किती गेला आणि त्याने पात्राचं काय केलं, हे एका वाक्यात लिहा. ‘पाच वर्षं गेली’ एवढ्याने भागत नाही. ‘पाच वर्षांत घरातली माणसं एकेक करून निघून गेली’ असं लिहिलंत की शॉट सुचतोच: तेच टेबल, दर वेळी एक खुर्ची कमी.

आता ती न बदलणारी फ्रेम पक्की करा. ट्रायपॉडच्या पायांच्या जागी जमिनीवर टेप चिकटवा; लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि कोन वहीत लिहून ठेवा. फ्रेम जराशी जरी हलली तरी प्रेक्षकाचं लक्ष बदलाऐवजी त्या हलण्याकडे जातं. चित्रीकरण शक्यतो नव्याकडून जुन्याकडे करा. भिंत मळवणं सोपं, पुन्हा कोरी करणं अवघड. प्रकाशाची दिशाही बदला. खिडकीतली लांब तिरपी सावली आणि दुपारची आखूड सावली एवढ्यानेही अर्धा दिवस सरतो.

ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’मधला (1941) न्याहारीच्या टेबलाचा प्रसंग यासाठी पुन्हा पुन्हा पाहावा. वर्तमानपत्राचा मालक असलेला नवरा आणि त्याची बायको सुरुवातीला जवळजवळ बसलेले, लाडात बोलणारे. मधे कॅमेरा झर्रकन वळतो, कपडे बदलतात, बोलणं तुटक होत जातं. शेवटी दोघं लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना गप्प बसलेले, आणि बायकोच्या हातात नवऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याचं वर्तमानपत्र! एक संसार कसा विझला, ते दोन-अडीच मिनिटांत कळतं. मला तरी याहून चांगला धडा माहीत नाही.

मोठी उडी मारायची असेल तर मॅच कट वापरा, म्हणजे एका शॉटवरून तशाच मांडणीच्या दुसऱ्या शॉटवर थेट जा. खुर्चीवर बसलेल्या मुलीचे पाय लोंबकळताहेत, कट, तीच खुर्ची, तोच कोन, पाय जमिनीला टेकलेले. यात दोन्ही शॉटमध्ये खुर्ची पडद्यावर नेमकी त्याच जागी हवी. संकलनात पहिला शॉट अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवा, म्हणजे फरक लगेच दिसेल.

टाइमलॅप्सला, म्हणजे ठरावीक अंतराने फोटो काढून ते वेगाने दाखवण्याला, आधी हिशोब लागतो. दोन तासांचा सूर्यास्त 12 सेकंदांत दाखवायचा आणि सेकंदाला 25 फ्रेम धरल्या, तर 300 फोटो लागतील. 7200 सेकंद भागिले 300, म्हणजे दर 24 सेकंदांनी एक फोटो. फोकस, एक्स्पोजर (चित्र किती उजळ) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) मॅन्युअलवर ठेवा. ऑटोवर ठेवलंत तर चित्र लुकलुकतं, शिवाय कॅमेरा मावळता उजेड भरून काढत बसतो. इथे तर उजेड कमी होणंच दाखवायचं आहे.

डिझॉल्व्ह, म्हणजे एक शॉट विरत दुसरा उमटणं, जपून वापरा. संथ, जड गेलेल्या काळाला तो शोभतो. अचानक हरवलेल्या वर्षांसाठी सरळ कटच बोचतो.

शेवटी आवाज बंद करून, गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला प्रसंग दाखवा आणि ‘किती काळ गेला?’ एवढंच विचारा. उत्तर ‘काही दिवस’ आलं आणि तुम्हाला वर्षं हवी असतील, तर नवीन शॉट जोडण्याआधी त्याच फ्रेममध्ये आणखी काय बदलता येईल ते शोधा.