पत्नीच्या नावातील फरक निवृत्त सैनिकाने हयातीतच दुरुस्त करून घ्यावा

डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी सैनिकाला मिळणाऱ्या सेवानोंदीच्या पुस्तिकेत) पत्नीचे माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे, किंवा स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, एवढ्यावरूनही सैनिकाच्या निधनानंतर पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन अडकते, आणि तेव्हा धावपळ एकट्या पत्नीला करावी लागते.

नावदुरुस्तीचा अर्ज बँकेकडे न करता आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे करावा; बॉम्बे सॅपर्सचे ते खडकीत, तर मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावात आहे. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात डिस्चार्ज बुकातील नाव त्यातील चुकीसह जसेच्या तसे उतरवावे, शेजारी आधारवरील नाव लिहावे आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे स्पष्ट नमूद करावे. केवळ योग्य नाव लिहिल्यास जुन्या नोंदीशी दुवा जुळत नाही. अर्जावर सेवा क्रमांक, हुद्दा व पीपीओ (निवृत्तिवेतन अदायगी आदेश) क्रमांक हवाच. अर्जाचा मसुदा पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून घेणे फार उपयोगी पडते.

दुरुस्तीचा पार्ट टू ऑर्डर (सेवानोंदीत बदल करणारा लष्करी आदेश) निघाला म्हणजे काम संपले असे नाही. सुधारित पीपीओ मिळून संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर नवे नाव दिसेपर्यंत पाठपुरावा ठेवावा.

मूळ डिस्चार्ज बुक टपालाने पाठवू नये. साक्षांकित प्रती जोडून अर्ज स्पीड पोस्टने पाठवावा व पावती जपून ठेवावी.