सणाचं पान व्हीगन हवंय? मग तूप पडायच्या आधी सांगा

सणाला नातेवाइकांकडे व्हीगन, म्हणजे दूध-तूप-मधासकट प्राण्यांपासून आलेलं काहीही न घेता, जेवायचं असेल तर पान वाढल्यावर 'यात दूध आहे का?' विचारू नका. तोवर उशीर झालेला असतो आणि वाढणारी बिचारी अवघडून जाते. आदल्या दिवशी फोन करा. फोनवरही नुसतं 'मी व्हीगन आहे' म्हणून भागत नाही, 'अगं, आपण शाकाहारीच की' असं उत्तर येतं. गिरगावातल्या काकूला मी सांगते ते असं: "काकू, तुझ्या हातचं सगळं खाणार. फक्त दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर आणि मध नको. माझ्या वाटणीचं तूप घालायच्या आधी बाजूला काढ." जिन्नसांची नावं घेतली की घोळ होत नाही.

गणपतीचं पान मुळात आपल्याला फारसं अडवत नाही. अळूचं फदफदं, अळूवडी, काळ्या वाटाण्याची उसळ, बटाट्याची भाजी, चिंचगुळाचं पंचामृत, पुऱ्या, पापड; फोडणी तेलाची असली की झालं. तूप येतं ते ठरलेल्या जागी: वरणभातावर, मसालेभातावर, मोदकात आणि मोदकावर. कोशिंबिरीत दही पडायच्या आधी आपली वाटी काढून त्यात दाण्याचं कूट आणि लिंबू घालायचं. सोलकढी नारळाच्या दुधाची असते, पण काही घरी आमसुलाच्या कढीत ताक घालतात, म्हणून एकदा विचारून घ्या. ऋषीच्या भाजीचंही तेच, तीवर काहीजणी लोणी किंवा तूप सोडतात.

मोदकांसाठी मी सकाळी लवकर पोचते आणि उकड स्वतः काढते. एक वाटी पाण्यात चिमूटभर मीठ आणि तुपाऐवजी चमचाभर खायचं खोबरेल तेल. उकळी आली की एक वाटी तांदळाची पिठी घालून ढवळायचं, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणायची. मग हाताला सोसेल इतकी गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून मळत राहायचं. पारी न फाटता कळ्या पडतात त्या या मळण्यामुळे, त्यासाठी तूपच हवं असं नाही. सारण तुपावर परतायची सवय असते. ओलं खोबरं आणि गूळ तसेच शिजवले तरी छान आळतात. काकू आता सगळ्याच मोदकांची उकड तेलावर काढू देते, वरून तूप ज्याचं त्याने घ्यायचं. माझ्या मोदकांवर नारळाचं पहिलं दाट दूध, त्यात गूळ आणि वेलची. गूळ घातल्यावर ते उकळू नका, फुटतं.

बाप्पाच्या नैवेद्याच्या पानावर काकूला तूप वाढायचं असतं. त्यात मी कधी पडत नाही, तुम्हीही पडू नका. प्रसादाचा पेढा हातावर आला तर कपाळाला लावून शेजारच्या मुलाला द्या आणि खिरापत, फळ किंवा फोडलेल्या नारळाचा तुकडा मागून घ्या. त्याने कुणाचंही मन दुखावत नाही.

दिवाळीच्या फराळात चिवडा आणि शेव सहसा तेलातली असते, चकलीत मात्र लोण्याचं मोहन आहे का ते पाहावं. शंकरपाळी, करंजी, अनारसे, बेसनाचे लाडू यांत दूध-तूप धरूनच चालायचं. म्हणून मी बिनदुधाच्या नारळाच्या वड्या आणि दाण्याचे लाडू घेऊन जाते, आणि डबा सगळ्यांना पुरेल एवढा मोठा नेते. एकटीपुरता डबा नेला की आपण पाहुण्यासारखे वेगळे पडतो.

विकतचं घेताना हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो शाकाहाराचा आहे, त्यात दूध चालतं. व्हीगन पदार्थांसाठी 2022 च्या नियमांनुसार वेगळं हिरवं चिन्ह आहे, त्यात इंग्रजी व्ही असतो. नारळाच्या दुधाची पावडर घेताना तर बारीक अक्षरं वाचाच. तीत पुष्कळदा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधातलंच प्रथिन. त्यापेक्षा दादरच्या मंडईतून नारळ आणून खवणलेला बरा.

पंगतीत कुणीतरी 'का सोडलंस?' विचारणारच. जेवताना वाद घालू नका, पण खरं उत्तर द्या. मी जोगेश्वरीत तबेल्यांच्या जवळ वाढले. आईपासून दूर बांधलेली रेडकं रोज दिसायची, ते दूध मला घोटवत नाही; एवढंच मी सांगते. मग आत्या 'अंगात ताकद कुठून येणार?' म्हणते. तिला डाळी, उसळी, तीळ, नाचणी सांगायची आणि बी 12 ची गोळी घेते हेही सांगायचं, कारण ते जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही आणि गोळी खरंच घ्यायला हवी. एवढं बोलून झालं की अळूवडी पुन्हा मागून घ्या. पोटभर जेवताना पाहिलं की आत्याही पुढचं विचारत नाही.