जखमा दोन असतात: हाड भरण्याच्या ऑपरेशनची तयारी

बाबांच्या नडगीचं हाड सहा महिने झाले तरी जुळेना, तेव्हा डॉक्टरांनी बोन ग्राफ्टिंग सांगितलं. कमरेच्या हाडाचे बारीक तुकडे काढून फटीत भरायचे आणि प्लेट-स्क्रूने पाय पक्का करायचा. मी सगळी तयारी पायाची केली. कमरेची केलीच नाही. आता डिचोलीच्या मावशीवर तीच वेळ आली आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

आधार, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड, पहिल्या दिवसापासूनचे एक्स-रे पिशवीत. साखर ताब्यात हवी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. जुन्या जखमेतून पाणी किंवा पू येत असेल तर लपवू नका. जंतू असलेल्या जागी भरलेलं हाड टिकत नाही. तंबाखू बंद, मशेरीसुद्धा! भरलेल्या हाडाला रक्त मिळालं तरच ते जीव धरतं, आणि निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. ‘थोडीशीच’ वगैरे काही नाही.

आता कंबर. पाय प्लास्टरमध्ये निवांत असतो, पण खोकताना, कूस बदलताना, उठताना कळ येते ती कमरेत. काहींना ती कित्येक आठवडे पुरते. कुठल्या बाजूचं हाड घेणार ते आधीच विचारा आणि खाट तशी लावा, म्हणजे दुसऱ्या बाजूने उतरता येईल. खाट उंच हवी. बाबांना घरी आणताना मी त्यांना इलास्टिकची पॅन्ट घातली, ती नेमकी टाक्यांवर बसली. वाटभर ते दात आवळून होते आणि मला कळलंही नाही. मावशीला परकर नकोच, नाडी तिथेच येते. सैल गाऊन घ्या. मांडीची बाहेरची बाजू बधिर वाटली तर डॉक्टरांना सांगा. तिथली नस कमरेच्या त्या हाडाजवळूनच जाते.

न्हाणीत कमोडची खुर्ची. पावसाळा आहे, अंगणातलं शेवाळ आधी घासून काढा. कुबड्या घरी आणून ठेवा. पायावर भार डॉक्टर सांगतील तेव्हाच, कारण भरलेलं हाड लगेच वजन पेलत नाही. दुखण्याच्या गोळ्या परस्पर आणू नका. एक्स-रेच्या तारखा कॅलेंडरवर.

आणि गाऊन आजच पिशवीत टाका.